वर्गसमीकरणे आणि त्यांची मुळे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरणांचे प्रकरण सुरू झाले की तेच तेच प्रश्न येतात. मुलांचे येतात, आणि रात्री जेवणानंतर वही उघडून बसलेल्या पालकांचेही येतात. ते इथे एकत्र केले आहेत. खाली सगळीकडे चल म्हणून क्ष घेतला आहे आणि सहगुणकांसाठी अ, ब, क. तुमच्या पुस्तकात त्या जागी एक्स, ए, बी, सी असतील, गणित तेच.

वर्गसमीकरण आहे की नाही, हे नुसते पाहून ओळखता येते का?

नेहमी नाही. आधी कंस सोडवा, सगळी पदे एका बाजूला आणा, मग पाहा. अ क्ष² + ब क्ष + क = ० या रूपात आले आणि अ शून्य नसेल, तर ते वर्गसमीकरण. ब आणि क शून्य असले तरी चालतात.

(क्ष + ३)² = क्ष² − ५ यात दोन्हीकडे वर्ग दिसतो, पण कंस सोडवला की क्ष² दोन्हीकडून उडतो आणि ६क्ष + ९ = −५ एवढेच उरते. हे रेषीय समीकरण झाले. उलट क्ष + १२/क्ष = ७ यात वर्ग कुठेच दिसत नाही, पण क्षने गुणले की क्ष² − ७क्ष + १२ = ० मिळते आणि क्ष ३ किंवा ४ येतो. इथे मूळ समीकरणात क्ष छेदात होता, म्हणून क्ष शून्य नाही हे आधीच ठरलेले आहे.

मुळे दोनच का? तीन का नाहीत?

जी किंमत ठेवली की डावी बाजू शून्य होते, ते समीकरणाचे मूळ. क्ष² − ७क्ष + १२ म्हणजे (क्ष − ३)(क्ष − ४). दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यातली निदान एक शून्य असलीच पाहिजे. इथे कंस दोनच, तेव्हा शून्य होण्याच्या संधीही दोनच. तिसरी किंमत ठेवली तर दोन्ही कंस शून्येतर राहतात आणि शून्येतर संख्यांचा गुणाकार शून्य होत नाही.

अवयव पाडताना ते दोन आकडे पटकन सुचत नाहीत. काही युक्ती आहे का?

आहे, आणि माझ्या मते या प्रकरणाची सुरुवातच तिथून करायला हवी. आकडे शोधत बसू नका. दोन मुळांच्या मध्यावर जाऊन उभे राहा.

क्ष² − १४क्ष + ४५ = ० घ्या. क्ष² चा सहगुणक १ असला की मुळांची बेरीज म्हणजे चिन्ह बदललेला मधला सहगुणक आणि गुणाकार म्हणजे शेवटची संख्या. इथे बेरीज १४, म्हणजे मुळांची सरासरी ७. एक मूळ ७ च्या जितके वर, दुसरे तितकेच खाली. ते अंतर द मानू. मग मुळे ७ + द आणि ७ − द. त्यांचा गुणाकार ४९ − द², आणि तो ४५ यायला हवा. द² = ४, द = २. मुळे ९ आणि ५. कुठेही अंदाज नाही, चाचपडणे नाही.

आता असे समीकरण घ्या की जिथे अवयव सुचणारच नाहीत: क्ष² − ६क्ष + ७ = ०. मध्य ३. ९ − द² = ७, म्हणून द² = २. मुळे ३ + √२ आणि ३ − √२, साधारण ४.४१४ आणि १.५८६. हे समीकरण घेऊन गुणाकार ७ आणि बेरीज ६ असे दोन पूर्णांक शोधत बसणारा मुलगा दहा मिनिटे घालवतो आणि शेवटी चिन्हे बदलून काहीतरी लिहून टाकतो.

अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक पो-शेन लो यांनी २०१९ साली ही मांडणी लोकांपुढे आणली आणि तिचा बराच गाजावाजा झाला. त्यामागची कल्पना मात्र फार जुनी आहे. दोन संख्यांची बेरीज आणि गुणाकार दिला असता अर्ध्या बेरजेवरून त्या संख्या काढण्याची रीत बॅबिलोनियाच्या मातीच्या पाट्यांवर सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची सापडते.

क्ष² च्या आधी १ सोडून दुसरा सहगुणक असेल तर?

पूर्ण समीकरणाला त्याने भागा आणि वरचीच रीत वापरा. किंवा शाळेत शिकवतात तसे मधले पद फोडा. ६क्ष² − ७क्ष − २० = ० मध्ये ६ गुणिले −२० म्हणजे −१२०. गुणाकार −१२० आणि बेरीज −७ येणाऱ्या संख्या −१५ आणि ८.

६क्ष² − १५क्ष + ८क्ष − २० = ०
३क्ष(२क्ष − ५) + ४(२क्ष − ५) = ०
(२क्ष − ५)(३क्ष + ४) = ०

मुळे ५/२ आणि −४/३. दुसऱ्या ओळीत दोन्ही कंस हुबेहूब सारखे यायला हवेत. ते आले नाहीत तर चूक बहुधा तिसऱ्या पदातून सामाईक काढतानाच्या चिन्हात असते. मधले पद ऋण आणि शेवटचे धन असेल तेव्हा दुसऱ्या जोडीतून ऋण संख्या सामाईक काढावी लागते आणि आतले चिन्ह बदलते. तिथेच हात घसरतो.

अवयव पडणार की नाही, हे आधी कळते का?

सहगुणक पूर्णांक असतील तर कळते. ब² − ४अक काढा. ती पूर्ण वर्ग संख्या आली तर अवयव पडतात, नाही तर साध्या संख्यांत पडत नाहीत. वरच्या उदाहरणात ४९ + ४८० = ५२९, म्हणजे २३ चा वर्ग. क्ष² − ६क्ष + ७ मध्ये ३६ − २८ = ८, पूर्ण वर्ग नाही. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

आणखी एक झटपट नजर: तिन्ही सहगुणकांची बेरीज शून्य येत असेल तर एक मूळ १ असतेच आणि दुसरे क/अ. ७क्ष² − १९क्ष + १२ = ० मध्ये ७ − १९ + १२ = ०, म्हणून मुळे १ आणि १२/७. तसेच अ + क = ब असेल तर एक मूळ −१.

सूत्र पाठ आहे, पण ते आले कुठून?

सूत्र असे: क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) / २अ. पुस्तकात ते अ ने भागून, मग ब/२अ चा वर्ग मिळवून सिद्ध केलेले असते. त्या अपूर्णांकांच्या गर्दीत मुले हरवतात. यापेक्षा सुटसुटीत वाट श्रीधराचार्यांची. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यांचा नियम आपल्याला कळतो तो भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात तो उद्धृत केला म्हणून. नियम असा: दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा, अव्यक्ताच्या, म्हणजे क्षच्या, सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवा, मग वर्गमूळ काढा.

करून पाहू. अ क्ष² + ब क्ष = −क. दोन्हीकडे ४अ ने गुणले:

४अ²क्ष² + ४अब क्ष = −४अक

दोन्हीकडे ब² मिळवला:

४अ²क्ष² + ४अब क्ष + ब² = ब² − ४अक

डावी बाजू म्हणजे (२अ क्ष + ब)². आता वर्गमूळ घ्या, ब पलीकडे न्या, २अ ने भागा. सूत्र हातात. शेवटच्या पायरीपर्यंत एकही अपूर्णांक नाही. सूत्र विसरायला झाले तर परीक्षेच्या कागदाच्या कोपऱ्यात चार ओळींत ते पुन्हा उभे करता येते.

ब्राझीलमध्ये शाळकरी मुले या सूत्राला चक्क ‘भास्कराचे सूत्र’ म्हणतात. श्रेय खरे तर श्रीधरांचे, पण नाव कुठवर पोचले ते पाहा. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला होता. त्याचा शिलालेख तिथे आहे आणि तो एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. पाटणादेवीला जाणारे बरेच जण तो न पाहताच परततात.

सूत्र असताना पूर्ण वर्ग पद्धत कशासाठी शिकायची?

कारण सूत्र त्याच पद्धतीतून निघाले आहे, आणि ती पद्धत चित्रात दिसते. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मीने क्ष² + १०क्ष = ३९ हे समीकरण असे सोडवले. वहीत सोबत काढा.

क्ष बाजूचा चौरस काढा. १०क्ष चे दोन सारखे भाग करा, प्रत्येकी ५क्ष. म्हणजे ५ रुंद आणि क्ष लांब असे दोन आयत. एक चौरसाच्या उजवीकडे चिकटवा, एक खाली. एकूण क्षेत्रफळ ३९. आता ही आकृती जवळपास मोठा चौरस झाली आहे, फक्त खालचा उजवा कोपरा रिकामा आहे. तो कोपरा ५ बाय ५, म्हणजे २५ चा. तो भरा. ३९ + २५ = ६४. मोठ्या चौरसाची बाजू ८. ती क्ष + ५ आहे, म्हणून क्ष = ३.

‘मधल्या सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग मिळवा’ हे वाक्य मुले घोकतात. तो वर्ग म्हणजे हा रिकामा कोपरा. दुसरे मूळ −१३ आहे. अल-ख्वारिज्मीने ते घेतले नाही, कारण चौरसाची बाजू ऋण नसते.

विवेचक नुसता ‘मुळांचे स्वरूप’ सांगतो असे पुस्तकात आहे. म्हणजे नेमके काय सांगतो?

विवेचक म्हणजे ब² − ४अक. तो मुळांमधले अंतर सांगतो. सूत्र पुन्हा पाहा: −ब/२अ हा मध्य, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना √(ब² − ४अक)/२अ एवढे सरकायचे. विवेचक मोठा तर मुळे दूर, लहान तर जवळ, शून्य तर एकावर एक.

चेंडूचे उदाहरण घ्या. सेकंदाला २० मीटर वेगाने चेंडू सरळ वर फेकला. हवेचा अडथळा सोडून दिला आणि गुरुत्वत्वरण १० धरले, तर ट सेकंदांनंतर त्याची उंची २०ट − ५ट² मीटर.

तो १५ मीटर उंचीवर केव्हा असेल? ५ट² − २०ट + १५ = ०, पाचाने भागून ट² − ४ट + ३ = ०. विवेचक १६ − १२ = ४. ट = १ आणि ट = ३. एकदा वर जाताना, एकदा खाली येताना. दोन्ही उत्तरे खरी.

२० मीटरवर? ट² − ४ट + ४ = ०. विवेचक शून्य, ट = २. तो सर्वांत वरचा क्षण आहे. चेंडू तिथे पोचतो आणि तिथूनच परततो, म्हणून जातानाची वेळ आणि येतानाची वेळ एकच.

२५ मीटरवर? ट² − ४ट + ५ = ०. विवेचक १६ − २० = −४. चेंडू तिथवर पोचतच नाही.

तिन्ही प्रसंगांत मध्य २ च राहिला आहे, हे लक्षात आले का? उंची बदलली तसे दोन्ही क्षण त्याच्याकडे सरकत गेले.

विवेचक ऋण आला की ‘उत्तर नाही’ असे लिहायचे का?

दहावीत ‘मुळे वास्तव संख्या नाहीत’ असे लिहा. ‘मुळे नाहीत’ असे लिहू नका. दोन्हींत फरक आहे. अकरावीत संमिश्र संख्या येतात आणि तिथे ट² − ४ट + ५ = ० ला २ + √−१ आणि २ − √−१ अशी दोन मुळे मिळतात. मध्य अजूनही २ च. फक्त अंतर संख्यारेषेवर मोजता येत नाही.

विवेचक शून्य असताना एकच मूळ असते, मग ‘दोन समान मुळे’ का म्हणायचे?

क्ष² − १०क्ष + २५ = ० म्हणजे (क्ष − ५)(क्ष − ५) = ०. कंस दोन आहेत, दोघेही ५ कडे बोट दाखवतात. दोन मोजली की बेरीज १० आणि गुणाकार २५ हे नियम जसेच्या तसे टिकतात. एक मोजले तर बेरीज ५ येईल आणि नियमाला अपवाद करावा लागेल. परीक्षेत ‘मुळे वास्तव व समान’ असेच लिहितात.

क्ष² = ५क्ष यात दोन्हीकडे क्षने भागले तर चालते का?

नाही. भागले की क्ष = ५ एवढेच मिळते आणि ० हे मूळ हरवते. क्ष शून्य असू शकतो तोवर त्याने भागता येत नाही. सगळे एका बाजूला आणा, क्ष(क्ष − ५) = ०.

(क्ष − २)(क्ष − ३) = २ मध्ये क्ष − २ = २ किंवा क्ष − ३ = २ असे लिहिले. गुण का कापले?

कारण ती रीत फक्त उजवीकडे शून्य असताना चालते. गुणाकार २ यायला १ × २ चालते, ४ × १/२ चालते, −१ × −२ ही चालते. कोणता कंस किती, हे त्यावरून ठरत नाही.

हा प्रश्न फसवा यासाठी की, त्या चुकीच्या रीतीने ४ आणि ५ येतात आणि त्यातले ४ योगायोगाने बरोबर असते: २ × १ = २. मूल ताळा घेताना पहिलेच उत्तर ठेवून पाहते, जुळते, आणि पुढे जाते. ५ ठेवले असते तर ३ × २ = ६ दिसले असते. योग्य रीत: क्ष² − ५क्ष + ६ = २, म्हणजे क्ष² − ५क्ष + ४ = ०, मुळे १ आणि ४.

शाब्दिक उदाहरणांत ऋण उत्तर नेहमीच सोडून द्यायचे का?

सोडायचे, पण का सोडतो ते एका ओळीत लिहायचे. आणि धन उत्तरही कधी कधी सोडावे लागते, हे लक्षात ठेवायचे.

भास्कराचार्यांची माकडांची दोन उदाहरणे यासाठी शेजारी शेजारी ठेवण्यासारखी आहेत. पहिल्यात कळपाच्या आठव्या हिश्श्याच्या वर्गाइतकी माकडे वनात उड्या मारत आहेत आणि उरलेली १२ टेकडीवर आहेत. समीकरण: (क्ष/८)² + १२ = क्ष, म्हणजे क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०. मध्य ३२, द² = १०२४ − ७६८ = २५६, द = १६. कळप ४८ चा किंवा १६ चा. ४८ असतील तर ३६ वनात. १६ असतील तर ४ वनात. दोन्ही जुळतात आणि भास्कराचार्य दोन्ही मान्य करतात.

दुसऱ्यात कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून ३ वजा करून त्याचा वर्ग केला तितकी माकडे गुहेत गेली, आणि एक फांदीवर दिसते. (क्ष/५ − ३)² + १ = क्ष, म्हणजे क्ष² − ५५क्ष + २५० = ०. मुळे ५० आणि ५. दोन्ही धन, दोन्ही पूर्णांक, आणि समीकरणात दोन्ही बसतात. पण ५ चा पाचवा हिस्सा १, त्यातून ३ वजा केले की −२. उणे दोन माकडे ही काय गोष्ट झाली? भास्कराचार्यांनी ५ नाकारले आहे. उत्तर धन आहे एवढ्यावर थांबू नका. प्रश्नातल्या प्रत्येक टप्प्यावर ते ठेवून पाहा.

आता रेल्वे. मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा. गाडीचा सरासरी वेग ताशी १६ किलोमीटरने वाढवला तर १ तास वाचतो. मूळ वेग किती?

१९२/व − १९२/(व + १६) = १
व² + १६व − ३०७२ = ०

मध्य −८, द² = ६४ + ३०७२ = ३१३६, द = ५६. व = ४८ किंवा व = −६४. वेग ऋण नसतो, म्हणून ४८. ताळा: ४८ ने ४ तास, ६४ ने ३ तास.

पण टाकून दिलेल्या −६४ कडे पुन्हा एकदा पाहा. ६४ हा वाढवलेला वेग आहे. समीकरणात व च्या जागी −(व + १६) ठेवले तर दोन पदे फक्त जागा बदलतात आणि समीकरण तेच राहते. म्हणून एक मूळ जुना वेग देते आणि दुसरे नवा वेग, चिन्ह फिरवून. ‘वाहत्या नदीत बोट’, ‘दोन नळ’, ‘प्रत्येकी पेन ५ रुपयांनी स्वस्त’ अशा उदाहरणांत टाकाऊ मुळाची खूण अशीच पटते का, ते तपासून पाहायला मजा येते.

ताळा घ्यायला वेळ नसतो. कमी वेळात कसा घ्यायचा?

किंमत ठेवून पाहण्यापेक्षा बेरीज आणि गुणाकार पाहा. मुळांची बेरीज −ब/अ, गुणाकार क/अ. ५/२ आणि −४/३ आले असतील तर बेरीज ७/६ आणि गुणाकार −२०/६; समीकरण ६क्ष² − ७क्ष − २० = ०. जुळले. बेरजेतले उणे चिन्ह विसरू नका, तेवढे एकच विसरले जाते.

सोडवायच्या आधीही याचा उपयोग होतो. क/अ ऋण असेल तर एक मूळ धन आणि एक ऋण, हे सूत्राला हात लावण्याआधीच ठरले.

अल्फा, बीटा असलेल्या प्रश्नांत मुळे काढावी लागतात का?

बहुतेकदा नाही. अल्फा, बीटा ही दोन मुळांचीच नावे. अल्फा + बीटा आणि अल्फा × बीटा एवढे पुरते. क्ष² − ६क्ष + ७ = ० साठी बेरीज ६, गुणाकार ७. दोघांच्या वर्गांची बेरीज हवी असेल तर ६² − २ × ७ = २२. १/अल्फा + १/बीटा हवे असेल तर ६/७. वर्गमुळे अंगावर घेऊन ३ + √२ चा वर्ग करत बसणे म्हणजे उगाच घाम गाळणे.

मुळे देऊन समीकरण विचारले तर: क्ष² − (बेरीज)क्ष + (गुणाकार) = ०. एक मूळ ३ + √२ दिले असेल आणि सहगुणक परिमेय असतील तर दुसरे ३ − √२ असणारच, कारण ± चिन्हामागचे अपरिमेय वर्गमूळ एकटे येत नाही.

√(क्ष + ६) = क्ष सोडवले, दोन उत्तरे आली, एक चुकीचे निघाले. असे का?

वर्ग केला म्हणून. क्ष² − क्ष − ६ = ० ची मुळे ३ आणि −२. पण क्ष = −२ ठेवले तर डावीकडे √४ = २ आणि उजवीकडे −२. वर्ग केल्यावर २ आणि −२ यांतला फरक पुसला जातो, त्यामुळे मूळ समीकरणात नसलेले उत्तर आत शिरते. अशा उदाहरणांत मात्र किंमत ठेवूनच ताळा घ्या.

आलेख काढल्याने काय कळते?

सगळेच. अ क्ष² + ब क्ष + क चा आलेख अन्वस्त (पॅराबोला), म्हणजे वाटीसारखी वक्ररेषा असतो. क्ष-अक्षाला तो जिथे छेदतो ती मुळे. सममितीची उभी रेषा बरोबर −ब/२अ वर. आपण ज्या मध्यावर उभे राहत होतो तोच हा. अन्वस्त अक्षाला नुसता टेकला तर समान मुळे, अधांतरी राहिला तर वास्तव मुळे नाहीत. फोनवर जिओजेब्रा हे आलेख काढायचे अ‍ॅप उघडा, क साठी सरकपट्टी लावा आणि ती हळूहळू सरकवा: अन्वस्त वर उचलला जाताना दोन छेदनबिंदू एकमेकांकडे येतात, मिळतात आणि नाहीसे होतात.

सूत्र बरोबर वापरूनही कॅल्क्युलेटरवर लहान मूळ चुकीचे का आले?

हा प्रश्न अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातून येतो. क्ष² − १०००क्ष + १ = ० घ्या. √९९९९९६ आठ आकडी साध्या कॅल्क्युलेटरवर ९९९.९९७९९ दिसते. १००० मधून ते वजा करून निम्मे केले की ०.००१००५. खरे मूळ ०.००१०००००१ च्या आसपास आहे. जवळजवळ सारख्या दोन संख्या वजा केल्या की विश्वासाचे आकडे उडून जातात आणि कचरा उरतो.

उपाय सोपा. मोठे मूळ सूत्राने काढा, तिथे बेरीज आहे, धोका नाही: सुमारे ९९९.९९९. मुळांचा गुणाकार १ आहे, म्हणून लहान मूळ १ ÷ ९९९.९९९ = ०.००१०००००१. संगणकासाठी चांगल्या आज्ञावली लिहिणारे असेच करतात.

परीक्षेत कोणती पद्धत वापरायची?

प्रश्नात पद्धत सांगितली असेल तर तीच. सूत्र पद्धतीने सोडवा म्हटले आणि अवयव पाडले तर उत्तर बरोबर येऊनही गुण जातात. सांगितली नसेल तर आधी विवेचक. पूर्ण वर्ग आला तर अवयव, नाही तर सूत्र. मध्याची रीत कच्च्या कामासाठी आणि ताळ्यासाठी वापरा. अ, ब, क च्या किमती वेगळ्या ओळीत चिन्हांसकट लिहा. ब = −७ असेल तर −ब = ७ आणि ब² = ४९; −४९ लिहिणारे दर वर्षी निघतात.

घनसमीकरणालाही असेच सूत्र आहे का?

आहे. इटलीत सोळाव्या शतकात ते सापडले आणि १५४५ साली कार्डानोने ते छापले. ते बरेच लांबलचक आहे. त्यात एक गंमत झाली. क्ष³ = १५क्ष + ४ चे एक मूळ साधे ४ आहे, पण सूत्रात मात्र मध्येच √−१२१ येते. १५७२ साली बाँबेल्लीने त्या ऋण वर्गमुळांशी नेहमीच्या संख्यांसारखाच हिशेब केला, शेवटी ती एकमेकांना खाऊन टाकतात असे दाखवले आणि ४ काढून दिले. वर्गसमीकरणात ऋण विवेचक आला की हात वर करून मोकळे होता येत होते. घनसमीकरणाने ती सोय ठेवली नाही. चौथ्या घातालाही सूत्र आहे. पाचव्या घाताच्या सर्वसाधारण समीकरणाला फक्त बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ, घनमूळ अशी मुळे काढून चालणारे सूत्र असूच शकत नाही, हे नॉर्वेच्या नील्स आबेलने १८२४ साली सिद्ध केले. तेव्हा तो जेमतेम एकवीस-बावीस वर्षांचा होता, आणि ती सिद्धता त्याने पदरमोड करून, छपाईचा खर्च वाचावा म्हणून सहा पानांत दाटीवाटीने बसवून छापली.